पंचमीला टेंबलाईकडं

नवरात्रातल्या पंचमीला मी रजा टाकतो. अर्जात 'घरगुती काम' असं लिहितो. खरं कारण लिहिलं तर साहेब हसतील, कारण काम म्हणजे एका काकूंकडं चहाला जायचं, एवढंच असतं.

त्या दिवशी आमची अंबाबाईही बाहेर पडते. सकाळी पालखी निघते आणि शाहू मिल, टाकाळा करत टेंबलाईच्या टेकडीवर पोचते. कथा कोल्हापुरात पोराटोरांना पाठ. कामाक्ष दैत्यानं योगदंड फिरवून देवादिकांच्या शेळ्यामेंढ्या करून टाकल्या. त्र्यंबोलीनं, म्हणजे आमच्या टेंबलाईनं, युक्तीनं तो दंड काढून घेतला, दैत्य मारला, सगळ्यांना सोडवलं. मग विजयाचा सोहळा झाला आणि नेमकं तिलाच बोलवायचं राहिलं. ती रुसली आणि शहराकडं पाठ करून टेकडीवर जाऊन बसली. अंबाबाई स्वतः उठून तिची समजूत काढायला गेली. अजून जाते, दर वर्षी.

लहानपणी मला या कथेपेक्षा कोहळ्यात रस. टेकडीवर कुमारिकेच्या हातून कोहळा फुटतो, अंबाबाईनं मारलेल्या कोल्हासुराच्या नावानं, आणि तुकड्यासाठी अशी झुंबड उडते की पोलिसांनाही आवरत नाही. त्या रेटारेटीत माझी एक चप्पल गेली ती गेलीच. तुकडा काही मिळाला नाही. (ज्याला मिळतो तो वर्षभर सांगत फिरतो.) ज्या मैत्रिणीनं सोडवलं तिलाच देवी विसरली कशी, हा प्रश्न पडायला मात्र चाळिशी उलटावी लागली.

आमचं घर नदीच्या बाजूला, सखल गल्लीत. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आम्ही पाच माणसं, एक गॅसची टाकी आणि कागदपत्रांची पिशवी घेऊन टेकडीजवळच्या टेंबलाईवाडीला काकूंकडं गेलो. काकू म्हणजे आईच्या भिशीतल्या. नात्यागोत्याच्या नाहीत. दोन खोल्यांचं घर, त्यातली एक त्यांनी आम्हाला दिली. नऊ दिवस. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. त्या वेळी तर आम्ही विचारलंसुद्धा नाही, सरळ रिक्षा केली.

त्यानंतर आम्ही जोतं चांगलं चार फूट उचललं, घर बांधून काढलं आणि वास्तुशांत केली. यादी करायला दोन रात्री बसलो होतो. गवंडी, फरशीवाला, नळवाला, तालमीतली पोरं, ज्यांनी पुरात साधा फोन केला नाही ते पुण्याचे पाहुणे, सगळे यादीत. अडीचशे पानं उठली. चार दिवसांनी आई उरलेल्या पत्रिका मोजत होती, मोजता मोजता थांबली आणि म्हणाली, "टेंबलाईवाडी?"

कुणी काही बोललं नाही. बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

मी मनाशी सबब तयार केली होती. यादी परक्यांची होते, काकू घरच्याच झाल्या होत्या, म्हणून त्यांचं नाव लिहायचं सुचलं नाही. सबब बरी होती, पण ती घेऊन त्यांच्या दारात जायचं धाडस होईना. आई तर भिशीलाही जायची बंद झाली. मे महिना गेला, पाऊस आला नि गेला. नवरात्र बसलं. पंचमीला सकाळी आई साडी नेसून, ओटीचं सामान पिशवीत भरून तयार. मला वाटलं देवळात. म्हणाली, "गाडी काढ. टेंबलाईकडं जायचंय." कुठल्या टेंबलाईकडं, ते मी विचारलं नाही.

टाकाळ्यापुढं रस्ता पालखीच्या गर्दीनं भरलेला. गाडी लावून आम्ही सगळे चालत गेलो. काकू दारातच रांगोळी घालत होत्या. वर बघितलं आणि पुन्हा रांगोळीकडं वळल्या. ठिपके जोडून झाल्यावर म्हणाल्या, "आलासा व्हय? या."

आईनं ओटी भरली. माफी बिफी कुणी मागितली नाही, आमच्याकडं ती तशी मागत नाहीत. काकू म्हणाल्या, "घर चांगलं झालंय म्हणं." आई म्हणाली, "तुम्ही बघितल्याशिवाय कसलं चांगलं?" यावर काकू काही बोलल्या नाहीत. उठून आत गेल्या. भांड्यांचा जरा जास्तच आवाज झाला.

चहा आला. पाच कप, त्यातला एक बशी झाकून वेगळा. तो त्यांनी बाबांच्या हातात दिला.

"बिनसाखरेचा हाय. का आता साखर चालत्या?"