एसक्यूएल ते हॅस्केल : एका रिकाम्या रिपोर्टची कटकट

रावेर-सावद्याकडच्या एका केळी व्यापाऱ्याच्या हिशेबाच्या एसक्यूएल क्वेरीज (डेटाबेसच्या टेबलांतून माहिती काढायच्या सूचना) मी हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेत आणल्या. काय दाखवायचं ते सांगणाऱ्या सिलेक्टच्या जागी मॅप, ओळी गाळणाऱ्या व्हेअरच्या जागी फिल्टर, हे कुणालाही जमेल.

अडलं ते 'पावती न आलेल्या गाड्या' या रिपोर्टपाशी. जुनी क्वेरी सरळ : ज्या गाडीचा नंबर पावत्यांच्या टेबलात 'नॉट इन', म्हणजे नाही, ती दाखव. उत्तर कायम रिकामं. पेढीवर सगळे खूश, कुणाची पावती बाकीच नाही म्हणून! हॅस्केलने मात्र गाड्यांची लांबलचक यादी काढली. पेढीचे दिवाणजी म्हणाले, "जुनं बरोबर होतं भो, तुझंच काहीतरी चुकतंय." त्यात अट अशी की जुना-नवा रिपोर्ट तंतोतंत जुळला, तरच बिल निघणार.

झालं होतं असं, की पावत्यांत एक नोंद गाडी नंबर न भरताच केलेली, म्हणजे नल. एसक्यूएलमध्ये नलशी केलेली तुलना खरी नसते, खोटीही नसते, 'माहीत नाही' असते. आणि व्हेअर फक्त खऱ्या ओळी पुढे सोडतं. यादीत एक नल शिरला की 'नॉट इन' कुठल्याच गाडीला खरं म्हणत नाही, अख्खा रिपोर्ट साफ. जुनी क्वेरी लिहिणाऱ्याने 'नॉट इन'ऐवजी 'नॉट एक्झिस्ट्स' लिहिलं असतं तर हा तमाशाच झाला नसता. हॅस्केलमध्ये नलच्या जागी येणारं नथिंग ही इतरांसारखीच एक किंमत. नथिंग बरोबर नथिंग तिथे चक्क खरं, आणि गाडी नंबर बरोबर नथिंग सरळ खोटं. म्हणून गाड्या दिसत होत्या.

हे समजावताना घसा बसला. शेवटी काटापावत्यांचा गठ्ठा काढायला लावला, एकेक गाडी ताडली, तेव्हा दिवाणजी गप्प झाले. तरी अट ती अटच! यादीत नथिंग असेल तर रिकामं उत्तर देणारं वेगळं फंक्शन लिहून दिलं, तेव्हा कुठे बिल निघालं. अजून डोकं फिरतं.

तुम्ही करणार असाल तर आधी जुन्या टेबलांतले नल मोजा. दोन टेबलं जोडताना (जॉइन) ज्या रकान्यावरून ओळी जुळवतो, त्या कीमध्ये नल असेल तर एसक्यूएल त्या ओळी जुळवत नाही, हॅस्केल जुळवून टाकतं. रिकाम्या यादीची बेरीज तिकडे नल, इकडे शून्य. रकमेला डबल (दशांश आकडा) नको, रुपयांचे पैसे करून इंटिजर (पूर्णांक) ठेवा. आणि हो, ओळींचे गट पाडणारं ग्रुपबाय! हॅस्केलचं ग्रुपबाय फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी एकत्र करतं. आधी सॉर्ट करा, नाहीतर एकाच शेतकऱ्याची दोन-तीन खाती दिसतील. पोस्टग्रेस हा एसक्यूएल डेटाबेस चढत्या क्रमात नल शेवटी टाकतं, हॅस्केल नथिंगला सगळ्यात पुढे बसवतं. रिपोर्ट ताडण्याआधी दोन्हीकडे क्रम एकच करून घ्या.