स्टॅटिक आयपी, सासऱ्यांच्या नावाचं लाइट बिल आणि आमचा रात्री नऊचा रेडिओ

काल दुपारी इंटरनेट कंपनीचा परत एसएमएस आला, "प्रिय ग्राहक, आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे." तक्रार जूनमधली. मी केली होती हेच विसरले होते, आणि ज्यासाठी केली ती गोष्ट आता मला लागतही नाही. डोकं परत फिरलं, म्हटलं लिहूनच टाकते, कोणाला घरातून इंटरनेटवर रेडिओ चालवायचा असेल तर माझ्यासारखे पाच आठवडे घालवू नका.

आधी रेडिओ कशाला ते. आमचा नारायण पेठेतला वाडा पाडला तेव्हा बिऱ्हाडं पांगली, कोणी कोथरूडला, कोणी धायरीला, एक कुटुंब तर पार तळेगावला. सासूबाई आता ८४ वर्षांच्या, वाचता येत नाही, वाड्यातल्या त्यांच्या बरोबरीच्या बायकांचीही तीच गत. मी शाळेत मराठी शिकवायचे, रिटायर झाल्यापासून रोज रात्री त्यांना काहीतरी वाचून दाखवते. एकदा म्हणाल्या, "अगं, हे मालूलाही ऐकायला मिळालं असतं." झालं, तिथून सुरुवात.

"व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ पाठव ना" हे मला निदान वीस जणांनी सांगितलं. पाठवून बघितला हो. कोणाचा फोन नातवाने नेलेला, कोणी म्हणतं उद्या ऐकू, आणि ते उद्या काही येत नाही. रेडिओ कसा ठरल्या वेळेला लागतो, चुकला तर चुकला. पुणे आकाशवाणी १९५३ साली सुरू झाली, तिच्यावरच वाढलेल्या या बायका, त्यांना "नऊ वाजता लागतं" एवढं सांगितलं की पुरतं.

माझा भाचा हिंजवडीत कामाला आहे, त्याने एका रविवारी येऊन लॅपटॉपवर आइसकास्ट टाकून दिलं. हा सर्व्हर, म्हणजे आपला आवाज एकदा घेतो आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला वाटतो. शिवाय बट नावाचं छोटं सॉफ्टवेअर, ते माइकचा आवाज सर्व्हरकडे ढकलतं. दोन्ही फुकट. नाव खरंच बट आहे, ब्रॉडकास्ट युझिंग धिस टूल याचं लघुरूप, भाचा दहा मिनिटं हसत होता. त्यात सर्व्हरचा पत्ता, पोर्ट ८००० (पोर्ट म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर), पासवर्ड आणि माउंट पॉइंट भरायचा, माउंट पॉइंट म्हणजे लिंकच्या शेवटी आपण देतो ते नाव. अर्ध्या तासात माझा आवाज माझ्या फोनवर यायला लागला. मी लगेच वाड्याच्या ग्रुपवर लिंक टाकली. कोणाकडेच उघडेना.

लिंक १९२.१६८ ने सुरू होत होती, तो आकडा घरातल्या घरात चालतो, बाहेर त्याला काही अर्थ नाही. मग भाच्याने राऊटरचं पान उघडलं, तिथे १००.७२ असं काहीतरी, आणि "माझा आयपी", म्हणजे इंटरनेटवरचा आपला पत्ता, दाखवणाऱ्या वेबसाइटवर तिसराच आकडा. तो म्हणाला, "मावशी, तू सीजीनॅटच्या मागे आहेस." जगात जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते सगळे मिळून ४२९ कोटी, ते पुरत नाहीत म्हणून कंपन्या बऱ्याच घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात, तेच सीजीनॅट. म्हणजे सोसायटीच्या गेटवर कुरियरवाला आला, पण पार्सलवर फ्लॅट नंबरच नाही, वॉचमन पाठवणार कुठे? तुम्ही बाहेर जाऊ शकता, बाहेरून कोणी आपणहून तुमच्या दारात येऊ शकत नाही. तुमच्या राऊटरवर १००.६४ ते १००.१२७ यातलं काही दिसलं तर समजा तुमचीही हीच गत, पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आलेल्याला राऊटरमधून आपल्या लॅपटॉपकडे वळवणं, ते करत बसू नका, काही उपयोग होत नाही.

भाचा म्हणाला दोन उपाय आहेत. एक, कंपनीकडून स्टॅटिक आयपी घे, म्हणजे फक्त आपल्या घराचा, न बदलणारा पत्ता. दुसरा त्याने काय सांगितला तो मी तेव्हा नीट ऐकला नाही, त्याच्यावर येतेच.

कस्टमर केअरला फोन केला. "मॅडम, राऊटर बंद करून चालू करा." केला. "आता स्पीड टेस्ट करा." केली, ९४ आला. "मग तुमचं नेट चालू आहे मॅडम." अहो चालू आहे हे मलाही माहितेय! तक्रार नंबर मिळाला, संध्याकाळी एसएमएस, निराकरण झालं. परत फोन, परत राऊटर, परत निराकरण. असं चार वेळा. पाचव्या दिवशी मी ऑफिसातच गेले, एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर आहे, जिना इतका अरुंद की कोणी उतरत असेल तर आपण खाली थांबायचं.

तिथल्या मुलाने विचारलं, "काकू, स्टॅटिक आयपी कशाला, सीसीटीव्ही बसवलाय का?" मी खरं सांगितलं, रेडिओ. हीच माझी चूक. तो आतल्या साहेबाकडे गेला, साहेब बाहेर आला, "रेडिओला लायसन लागतं मॅडम, आम्ही नाही देऊ शकत." मी वाचून गेले होते, म्हटलं लायसन लागतं ते एफएमला, कारण तिथे हवेतली फ्रिक्वेन्सी वापरतात, आणि कम्युनिटी रेडिओ तर एकट्या माणसाला मिळतच नाही, संस्थेला मिळतो, जसं विद्यापीठाचं विद्यावाणी आहे १०७.४ वर. मी कुठली फ्रिक्वेन्सी वापरतेय, वायरीतून जातंय सगळं. शाळेत वर्गावर बोलावं तसा आवाज लागला बहुतेक, मागे बिल भरायला उभे असलेले दोघेजण ऐकायला लागले. साहेब म्हणाला मग बिझनेस प्लॅन घ्या, त्याला जीएसटी नंबर द्या. चाळीस मिनिटं घातली तेव्हा म्हणाला बरं, घरगुतीवर देतो, फॉर्म भरा, आधार आणि लाइट बिल आणा.

आणि इथे खरं घोडं अडलं. लाइट बिल अजून सासऱ्यांच्या नावावर. ते जाऊन अकरा वर्षं झाली, बिल दर महिन्याला त्यांच्याच नावाने येतं आणि आम्ही निमूट भरतो, नाव बदलायचं दर दिवाळीला ठरतं. ऑफिसातला मुलगा म्हणाला, "मग त्यांची सही आणा." मी नुसती बघत राहिले त्याच्याकडे. त्यालाच कळलं मग, सॉरी काकू म्हणाला, पण कागद काही सुटला नाही. म्हणे घराच्या नोंदणीचा इंडेक्स टू आणा नाहीतर सोसायटीचं पत्र. इंडेक्स टूही सासऱ्यांच्या नावाचा, म्हणजे आलं सोसायटीवर.

सेक्रेटरी चांगले आहेत तसे, पण पत्रात "स्टॅटिक आयपी, इंटरनेट रेडिओकरिता" असं फॉर्ममधलं वाचल्यावर म्हणाले, "वहिनी, गच्चीवर टॉवर येणार का?" नाही हो. "मग रेडिएशन?" नाही. "मग आवाज? वरच्यांची बारावी आहे." मी म्हटलं आवाज माझा आहे आणि तो असाही तुम्हाला रोज ऐकू येतो. तरी त्यांनी विषय मीटिंगला ठेवला. नोटीस बोर्डावर चक्क लागलं, विषय क्र. ४, रेडिओ केंद्राबाबत. मीटिंग कोरम नाही म्हणून पुढच्या रविवारी गेली, त्या रविवारी पाणीगळतीवरच दोन तास, विषय चार आला तेव्हा अर्धे लोक उठून गेलेले आणि उरलेल्यांनी चहा थंड होतोय म्हणून मंजूर केलं. एकूण सोळा दिवस एका पत्राला.

म्हणून सांगते, फॉर्मवर कारण विचारलं तर सीसीटीव्ही बसवला असेल तर तेच लिहा, नसेल तर "घरगुती वापर" लिहा आणि गप्प बसा. आणि लाइट बिलावरचं नाव बदलून घ्या. माझं अजून व्हायचंय.

पैसे वर्षाचे दोन हजार, वर जीएसटी, २,३६० झाले. आयपी मिळाला तरी चालेना, कारण राऊटरचं लॉगिन लाइनमनकडेच, तो तीन दिवसांनी आला, पाच मिनिटांत काहीतरी भरलं, पोर्ट ८००० लॅपटॉपकडे वळवलं आणि गेला. त्या रात्री नऊ वाजता ११ लिसनर. मी खरं सांगते, आकडा बघून माझा आवाज कापरा झाला.

हे सुख पुरतं नऊ दिवस टिकलं. मग आला गुरुवार, दुरुस्तीसाठी लाइट घालवायचा वार, पुण्यात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको, त्यात पाऊस, लाइट गेली ती रात्रीपर्यंत आली नाही. घरात इन्व्हर्टर आहे, राऊटर चालू, लॅपटॉप चालू, पण जिन्यातला कंपनीचा डबा सोसायटीच्या लाइटवर. सगळं ठप्प. तळेगावहून फोन, काय झालं गं, बरी आहेस ना.

भाच्याला फोन केला तर म्हणतो, "मावशी, आइसकास्ट बाहेर भाड्याच्या सर्व्हरवर टाकू या, महिन्याला चार-पाचशे रुपये. तुझ्या घरातून फक्त एक स्ट्रीम बाहेर जाईल, बाहेर जायला सीजीनॅट अडवत नाही. स्टॅटिक आयपी लागतच नाही. लाइट गेली तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून पण बोलशील."

मी म्हटलं, हे पाच आठवड्यांपूर्वी का नाही सांगितलंस?

"सांगितलं होतं. तू म्हणालीस, स्वतःचं घर असताना भाड्याचं कशाला."

म्हणाले असेन. माझंच वाक्य वाटतंय.

तर आता तसंच चालू आहे. एका तासात झालं सगळं, त्यामुळे त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, फक्त आइसकास्टचा मूळ पासवर्ड हॅकमी असतो तो आधी बदला, नाव वाचूनच कळायला हवं. आणि एक फॉलबॅक म्हणून सोय असते, आपलं तुटलं की सर्व्हर आपोआप ठेवलेली फाइल वाजवतो, ती फाइल लाइव्हच्याच फॉरमॅटची आणि बिटरेटची (सेकंदाला किती डेटा जातो तो आकडा) असू द्या. आमच्याकडे तुटलं की सासूबाईंच्या आवाजातली जात्यावरची ओवी लागते, आता काही जणी म्हणतात मुद्दाम तोड गं अधूनमधून.

गाणी मी लावत नाही. मध्ये मध्ये भावगीतं लावायची फार इच्छा होती पण रेकॉर्डिंगचा हक्क ६० वर्षं, गीत आणि चालीचा वेगळा, तो माणूस गेल्यावर आणखी ६० वर्षं. रेडिओ स्टेशनांना ठरलेले पैसे भरून गाणी लावता यावीत म्हणून कॉपीराइट कायद्यात ३१ड हे कलम आहे पण मुंबई हायकोर्टाने २०१९ मध्ये म्हटलं की ते इंटरनेटला लागू नाही. वाचनालाही तोच नियम, पुस्तक आपलं असलं म्हणून जाहीर वाचता येतं असं नाही. म्हणून मी हरिभाऊ आपट्यांपासून सुरुवात केली, ते १९१९ साली गेले, तिथे कोणाला विचारायला नको. हयात लेखकांना पत्र लिहिते, दोघांनी आनंदाने हो म्हटलं.

बिटरेट ६४ केबीपीएस, मोनो, बोलण्याला भरपूर झाला. पाऊण तासाला ऐकणाऱ्याचा साधारण २२ एमबी डेटा जातो. मी आधी १२८ ठेवला होता, उगाच. हां, आणि लिंक एचटीटीपीएस, म्हणजे कुलूपवाली सुरक्षित, करून घ्या, पान एचटीटीपीएस आणि आवाज साध्या एचटीटीपीवर असला तर ब्राउझर बरेचदा वाजवतच नाही आणि कारणही सांगत नाही, दोन दिवस गेले होते आमचे त्यात. त्याला लागणारं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं. म्हाताऱ्या माणसांना ब्राउझर देऊच नका, व्हीएलसी हे प्लेअरचं अ‍ॅप टाकून त्यात लिंक सेव्ह करून द्या.

सासूबाई आतल्या खोलीत टॅबवर ऐकतात. म्हटलं समोर बसा ना माझ्या, तर म्हणाल्या, "रेडिओच्या पोटात बसून कोणी ऐकतं का?" आवाज त्यांच्यापर्यंत आठ-दहा सेकंद उशिरा पोचतो, कारण आइसकास्ट जोडताना आधीचा थोडा आवाज साठवून देतो. सुरुवातीला मी "ऐकू येतंय ना?" विचारायचे आणि उत्तर येईना म्हणून घाबरून वायरी हलवायचे. तसं करू नका, थांबा जरा. आता मी माइक बंद करते, चष्मा काढते, आतल्या खोलीच्या दारापर्यंत जाते, तरी टॅबवर माझं वाचन अजून चालूच असतं, आणि सासूबाई हात वर करून मला गप्प बसायची खूण करतात.