नऊ नंबरला मुंग्या

३१ मार्च २०१३, रविवार. रात्री साडेअकराला आम्ही चौघं रविवार कारंज्याजवळच्या एका बिल्डिंगच्या गच्चीवर, केबलच्या कंट्रोल रूममध्ये बसलेलो. बाहेर डिश, आत रॅकमध्ये एकावर एक मॉड्युलेटर, म्हणजे चॅनेल केबलवर चढवणारे डबे, प्रत्येक चॅनेलला एक, त्यातला नऊ नंबरचा आमच्या चॅनेलचा. केबल डिजिटल करायच्या दुसऱ्या टप्प्यात ३८ शहरं होती, त्यात नाशिक होतं, आणि मुदत त्या दिवशी संपत होती. आमच्या केबलवाल्या काकांनी ठरवलेलं की बाराला अॅनालॉग बंद.

चॅनेल सुरू झालं २००६ ला, मी तेव्हा एचपीटी कॉलेजला एसवायला होते. कॉलेजच्या पोरांनी कॉलेजच्या पोरांसाठी चालवलेलं चॅनेल. एक असेंबल्ड पीसी, एक हँडीकॅम, मिनीडीव्हीच्या टेपा. तासाची टेप पीसीत घ्यायला पूर्ण तास जायचा, त्यामुळे एडिटिंग म्हणजे जागरणच. संध्याकाळी गाण्यांचा कार्यक्रम आणि खाली एसएमएसची पट्टी, "कॉलेज रोडच्या ग्रुपकडून बीवायकेच्या ग्रुपला" वगैरे. जाहिराती क्लासेसच्या, मोबाईल दुकानांच्या. बारा बटणांच्या जुन्या टीव्हीवरसुद्धा आम्ही दिसायचो, नंबर नऊ होता ना.

पण मला आठवते ती रंगपंचमी. नाशिकच्या रहाडी माहितीयेत ना, पेशव्यांच्या काळातले दगडी हौद, वर्षभर बुजवलेले असतात आणि फक्त रंगपंचमीला उघडतात, मग पोरं त्यात धप्पा मारतात. आम्ही लाइव्ह दाखवणार असं सांगून बसलेलो आणि लाइव्हची सोय आमच्याकडे नव्हतीच. मग तिवंधा चौकात वीस मिनिटं शूट करायचं, टेप प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळायची आणि अॅक्टिवावरून गल्लीबोळातनं रंग खात कंट्रोल रूमला, तिथं दुसरा हँडीकॅम पिवळ्या पिनने थेट मॉड्युलेटरला जोडलेला, त्यात टेप टाकली की चालू. तोवर दुसरी टेप निघालेली असायची. दिवसभर हेच.

फोन वाजायचा थांबेना. सिडकोतनं, नाशिकरोडहून, सातपूरहून. एक आजी होत्या पंचवटीच्या, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या, त्यांचं माहेर तिवंधा चौकातलं. म्हणाल्या, "बाई, जरा डावीकडं दाखव गं, आमच्या वाड्याची खिडकी तिथंच होती." टेप आधीची होती, कॅमेरा कसा वळवणार? मी चौकातल्या पोराला फोन करून सांगितलं आणि पुढच्या टेपेत त्याने तो कोपरा तीन-चार मिनिटं नुसता धरून ठेवला. आजींचा परत फोन आला, बोलल्या काहीच नाहीत, नुसत्या रडत होत्या. एवढ्या वर्षांत मी केलेलं सगळ्यात चांगलं काम ते.

मग उतरण लागली. गाण्यांच्या हक्कांवरून नोटीस आली आणि गाण्यांचा कार्यक्रम बंद करावा लागला, तोच तर आमचा कणा होता. सप्टेंबर २०११ ला ट्रायने, म्हणजे टेलिकॉमचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, एका सिमवरून दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली, पुढे २०० केली, पण पट्टी ओस पडत गेली ती गेलीच, कारण पोरं तोवर फेसबुकवर गेलेली. क्लासवालेही त्यांच्या मागोमाग.

लोक म्हणतात तुम्हाला यूट्यूबने मारलं. मला नाही पटत. अॅनालॉगमध्ये प्रत्येक केबलवाल्याची स्वतःची कंट्रोल रूम होती, एक मॉड्युलेटर जोडला की गल्लीतलं चॅनेल घराघरात. डिजिटलमध्ये सगळा फीड मोठ्या कंपनीकडनं लॉक होऊन येतो, काका फक्त तो पुढे पोचवणार. त्यात आमचं चॅनेल घालायचं तर वर्षाचे पैसे मागितले ते आमच्या सगळ्या जाहिरातींपेक्षा जास्त होते. गावाचं चॅनेल गावातनं लावता येईना, एवढंच झालं, आणि त्याचा मला आजही राग आहे.

त्या रात्री शेवटी आम्ही रहाडीचीच टेप लावली, तोच हँडीकॅम, तीच पिवळी पिन. बाराला काका आले, खुर्चीवर बसले, आणखी पाच मिनिटं थांबले. म्हणाले, "पोरांनो, करू का?" कोणी हो म्हणालं नाही. त्यांनी एकेक मॉड्युलेटर बंद करत आणला, आमचा सगळ्यात शेवटी ठेवला. मॉनिटरवर एक पोरगं रहाडीत उडी मारायला वर उचललेलं, आणि मुंग्या.

कोणीच उठेना. तेवढ्यात फोन वाजला. सवयीने मी तक्रारीचं रजिस्टर ओढलं.

"ताई, नऊ नंबरला मुंग्या येतायत. उद्या माणूस पाठवाल का?"

मी पत्ता विचारला. सिडको, उत्तमनगर. लिहून घेतला.