काळा लॅब्रॅडॉर संपत आला, बिबट्या अजून अर्ध्यावर

इझलवर सध्या दोन चित्रं आलटून पालटून चालू आहेत: मैत्रिणीचा काळा लॅब्रॅडॉर आणि माझ्या हौसेचा बिबट्या. दोन्ही पेस्टल खडूंची, पेस्टलमॅट या पेस्टलसाठीच्या दाणेदार कागदावर, २४ × ३० सेंमी. कुत्र्यासाठी गडद राखाडी कागद घेतलाय, बिबट्यासाठी तपकिरी. प्राण्यांसाठी पांढरा कागद मी घेतच नाही. निम्मा वेळ नुसता पांढरेपणा झाकण्यात जातो आणि कुठली छटा खरंच उजळ आहे, याचा अंदाज शेवटपर्यंत लागत नाही.

आधी कुत्र्याचं सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं जास्त आहे.

मैत्रिणीने फोटोंचा ढीग पाठवला आणि त्यातला एकच कामाचा निघाला. फोन तोंडाजवळ नेऊन काढलेल्या फोटोत नाक भलतंच मोठं आणि कान चिमुकले येतात. ते इमानेइतबारे उतरवलं तर घरच्यांनाच आपला कुत्रा ओळखू येणार नाही. दोन-तीन मीटर मागे सरा, मग झूम करा, आणि कॅमेरा कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा, एवढं सांगितलं तरी पुष्कळ फरक पडतो. फ्लॅश तर नकोच. काळ्या कुत्र्यावर समोरून फ्लॅश पडला की चेहऱ्याची सगळी चढउतार सपाट होते आणि डोळे हिरवे चमकतात. कामाचा निघाला तो फोटो खिडकीजवळचा, एका बाजूने मऊ उजेड असलेला. त्याच्या दोन प्रती केल्या: एकीत सावल्या उजळून घेतल्या, दुसरी कृष्णधवल. रंग पहिल्या प्रतीत शोधते, टोन (म्हणजे कुठे किती उजळ, किती गडद) दुसरीत. दोन्ही गोष्टी एकाच फोटोत बघायला गेलं की डोळा रंगाच्या मागे धावतो आणि टोन हातचा सुटतो.

आता काळ्याबद्दल. या चित्रात काळा खडू फक्त डोळ्यांच्या बाहुल्या, नाकपुड्या, ओठांची फट आणि कानाखालची खोल सावली एवढ्यापुरता आहे. बाकी सगळा काळा रंग गडद इंडिगो, जांभळट तपकिरी आणि अगदी गडद हिरवट राखाडी यांच्या थरांतून आलाय. लॅब्रॅडॉरचे केस आखूड आणि चकचकीत, त्यामुळे आजूबाजूचा उजेड त्यांच्यावर सरळ दिसतो. कपाळ, नाकाचा कणा, खांदे हे वर तोंड करून असलेले भाग खिडकीतल्या आभाळाचा थंड निळा उजेड घेतात. हनुवटीखाली आणि छातीवर जमिनीवरून परतलेला ऊबदार उजेड असतो. म्हणून वर निळसर राखाडी, खाली लालसर तपकिरी. एवढा एक भेद नीट सांभाळला की डोकं आपोआप गोल दिसायला लागतं. केसाचा एकही फटकारा तोवर मारलेला नसतो.

अडचण गडद खडूंची येते. फिकट छटा बनवताना रंगद्रव्यात पांढरं मिसळतात, गडद छटेत ते चालत नाही. आणि सुरुवातीच्या संचांत भरणा असतो तो फिकट-मध्यम छटांचाच. तैलरंगासारखा पॅलेटवर हवा तो गडद रंग कालवून घ्यायची सोय पेस्टलमध्ये नाही. म्हणून माझं मत: पैसे घालायचेच असतील तर दुसरा मोठा संच घेण्याऐवजी सुटे गडद खडू घ्या. गडद निळा, गडद जांभळा, गडद तपकिरी, गडद हिरवा. प्राणी काढणाऱ्याला याहून जास्त उपयोगी काही नाही.

कुठला थर आधी आणि कुठला नंतर, अशी पुन्हा विचारणा झाली होती. पेस्टलचा नेहमीचा नियम म्हणजे कडक आधी, मऊ नंतर. प्राण्यांच्या चित्रात मात्र शेवटचं बारीक काम पेस्टल पेन्सिलींनी करायचं असतं, आणि पेन्सिलीच्या शिशात बाइंडर (रंगाची पूड धरून ठेवणारा चिकट पदार्थ) जास्त, म्हणून ते कडक. मऊ खडूचा जाड थर आधी चढवला तर कागदाचे दाणे भरून जातात आणि वरून पेन्सिल नुसती घसरते. यावर उपाय एकच, तळाचा थर पातळ ठेवायचा. मी तो पॅनपेस्टलने (डबीतल्या मऊ पेस्टलने), स्पंजच्या टोकाने चोळून लावते; कागदाचे दाणे जाणवत राहिले पाहिजेत. त्यावर रेम्ब्रांट कंपनीचे मध्यम मऊ खडू, आणि मग पेन्सिली. सेनेलिए कंपनीचे लोण्यासारखे मऊ खडू शेवटच्या दोन-चार तेजस्वी ठिकाणांसाठी राखून ठेवलेत. पेन्सिलींना टोक ब्लेडने काढते आणि सॅंडपेपरवर घासते. साध्या शार्पनरमध्ये शिसं तुटत राहतं. पेन्सिल हातातून पडली तर शिसं आतल्या आत तुटतं आणि मग कितीही टोक काढा, तुकडेच हाती येतात, तेव्हा जपा.

आणि आता केस. पेस्टलमध्ये प्राणी काढणारे आपण सगळे इथेच सर्वांत जास्त वेळ घालवतो आणि माझ्या मते त्यातला बराचसा वाया जातो. प्रत्येक केस काढलेलं चित्र लांबून पाहिलं की कुत्रा तारेच्या ब्रशचा केल्यासारखा दिसतो. खऱ्या जनावराकडे बघा: सुटे केस कुठे दिसतात? उजेड सावलीत वळतो त्या पट्ट्यावर, कडेला मागच्या पार्श्वभूमीवर, आणि जिथे केसांची दिशा बदलून भोवरा पडतो तिथे. ऐन उजेडात ते एकमेकांत विरघळतात, खोल सावलीत दिसतच नाहीत. म्हणून या खेपेला पेन्सिलीचं काम मुद्दाम तेवढ्याच जागांपुरतं ठेवलं. छातीचा खालचा भाग तर नुसत्या दोन रंगांच्या थरांवर सोडून दिलाय, आणि तोच मला या चित्रात सर्वांत आवडतो.

दिशा मात्र चुकून चालत नाही. रंगाला हात लावण्याआधी एका साध्या कागदावर डोक्याची बाह्यरेषा काढून त्यात बाण भरते. नाकाच्या मागून केस निघतात, दोन डोळ्यांच्या मधून वर चढतात, कपाळावर दोन्हीकडे पसरतात, गालांवरून मागे आणि खाली वळतात. नाकाजवळ लव इतकी आखूड की तिथे फटकारा नाही, टिंबच लागतं. मानेपर्यंत येता येता लांबी वाढत जाते. फटकारा मारताना मुळाशी दाब, टोकाशी हात अलगद उचलायचा. दोन्हीकडे सारखी जाडी राहिली की तो केस वाटत नाही, काडी वाटते.

डोळ्यांचं काम दोन्ही चित्रांत झालंय. डोळा मी सगळ्यात आधी पुरा करते. तो जमला नाही तर पुढे जाण्यात अर्थ नसतो. तीन गोष्टींकडे लक्ष ठेवते. वरच्या पापणीची सावली बुबुळावर पडलेली असते, ती नसेल तर डोळे बटाबटा बाहेर आल्यासारखे वाटतात. दुसरं, चमक वर डावीकडे असेल तर बुबुळ सर्वांत उजळ असतं ते खाली उजवीकडे, कारण उजेड डोळ्यात शिरून पलीकडची बाजू उजळवतो. ही गोष्ट कळली की डोळ्याला खोली येते, आणि बहुतेक चित्रांत नेमकी तीच राहून गेलेली असते. तिसरं, चमक शुभ्र पांढरी नसते. बाहेरचं आभाळ त्यात दिसत असतं म्हणून ती निळसर, कडांना मऊ. शुद्ध पांढऱ्याचा ठिपका तिच्या पोटात एखादाच.

बिबट्याच्या बाबतीत एक नेहमीचा घोटाळा. घरातल्या मांजराची बाहुली उजेडात उभी चीर होते, बिबट्या, वाघ, सिंह यांची मात्र गोलच राहते, फक्त लहान होते. घरच्या मांजरावर सराव करून बिबट्याकडे वळणाऱ्याच्या हातून उभी चीर सहज निघते आणि रानटी नजर क्षणात पाळीव होऊन जाते.

बिबट्याचे ठिपके हेच सध्याचं दुखणं. चेहऱ्यावर ते लहान आणि भरीव. खांद्यामागे त्यांची फुलं होतात, म्हणजे काळ्या तुकड्यांची कडी, पायांवर आणि पोटाकडे पुन्हा भरीव मोठे. फुलाच्या आतला रंग बाहेरच्या अंगापेक्षा जरा गडद, तांबूस असतो. आत काळी टिंबं दिसली तर तो बिबट्या नव्हे, जॅग्वार. एवढं माहीत असूनही मानेपाशी गाडी अडलीय, कारण तिथे मान वळलेली आहे आणि फुलं कडेकडे जाताना अरुंद होत जातात. पुढून दिसणारं गोल फूल तसंच कडेला ठेवलं तर छापील कापड अंगावर पसरल्यासारखं दिसतं. शिवाय ठिपका हा वरून लावलेला रंग नाही, तिथले केसच काळे आहेत. त्यामुळे ठिपक्याची कड केसांच्या दिशेने तुटक हवी: मुळाकडे सोनेरी केस काळ्यावर चढलेले, टोकाकडे काळे केस सोनेरीवर उतरलेले. मी आधी पूर्ण अंग ठिपक्यांशिवाय रंगवून घेतलंय, सावल्यांसकट, आणि आता ठिपके बसवतेय. सावलीतले ठिपके निळसर काळे, उजेडातले चक्क तपकिरी. हे काम सावकाशच होणार.

बिबट्याचे संदर्भ मी एका फोटोवर चालवत नाही. मुख्य फोटो छायाचित्रकाराची परवानगी घेऊन वापरलाय, कानांची आणि पंजांची रचना समजायला इतर बरेच पाहिले. दुसऱ्याचा फोटो जसाच्या तसा चितारून विकायला ठेवणारे अजूनही दिसतात. परवानगी विचारायला एक पत्र लागतं आणि बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात.

कुत्र्याचं चित्र लवकरच फ्रेमकडे जाईल. फिक्सेटिव्ह, म्हणजे पूड धरून ठेवणारा फवारा, मी मारणार नाही. त्याने उजळ छटा दबतात, आणि या चित्रात मुळातच उजळ जागा मोजक्या. फ्रेंच चित्रकार देगा थरांच्या मधे फिक्सेटिव्ह वापरायचे हे खरं, पण ते पुढचे थर पकड घ्यावेत म्हणून. शेवटच्या थरावर मारणं ही वेगळी गोष्ट. चित्र आणि काच यांच्यात माउंट (पुठ्ठ्याची चौकट) आणि आडपट्ट्या, म्हणजे काच रंगाला टेकत नाही. काच खरीच हवी. ॲक्रिलिकवर स्थिर वीज साठते आणि ती रंगाची पूड ओढून घेते. काळजी घेतली तर पेस्टल किती टिकतं याची शंका असलेल्यांनी इटालियन चित्रकर्ती रोझाल्बा कॅरिएराची (१६७३–१७५७) पेस्टल चित्रं पाहावीत. पेस्टलमध्ये तेलच नाही, मग पिवळं पडायला उरतं काय!

एक सूचना, नवीन आलेल्यांसाठी. पूड फुंकू नका. काही रंगांत कॅडमियम, कोबाल्ट असतं, आणि फुंकलेलं सगळं नाकातच जातं. बोर्ड जरा पुढे झुकवून ठेवा, पूड आपसूक खाली पडते. ती ओल्या फडक्याने टिपून घ्या.

मिशा दोन्ही चित्रांत राहिल्यात, त्या सगळ्यात शेवटी, एका दमात. पुढच्या चित्राला व्हेलूर, म्हणजे मखमली पृष्ठभागाचा कागद घ्यायचा विचार आहे. त्यावर लव फार सुंदर मऊ येते, पण खोडता जवळपास येत नाही आणि बारीक रेघ फुटते. तुमच्यापैकी जे व्हेलूर वापरतात ते मिशा कशा काढतात? पेन्सिलीने, की कडक खडूच्या धारेने?