ट्यूनची भावकी, अपडेट ६: बोनापार्ट अखेर हलला

(नवीन आलेल्यांसाठी: अमेरिकेतल्या जुन्या फिडल म्हणजे व्हायोलिनच्या लोकधुनांपैकी कुठली ट्यून कुणाच्या नात्यातली ते मी एका स्क्रिप्टने, म्हणजे छोट्या प्रोग्रामने शोधतेय.) मागच्या वेळी वैतागून लिहिलं होतं ना की बोनापार्टचा नाद सोडते म्हणून, तर नाही सोडला. काल रात्री दीड वाजता जुळलं एकदाचं आणि घरात सगळे झोपलेले म्हणून ओरडता पण आलं नाही.

घोळ तोच, 'बोनापार्ट्स रिट्रीट' ही ट्यून. बहुतेक जुने फिडलर ही मार्चच्या ठेक्यात संथ वाजवतात आणि केंटकीच्या विल्यम स्टेपने १९३७ मध्ये, लोकसंगीत गोळा करणाऱ्या अॅलन लोमॅक्सच्या रेकॉर्डिंग मशीनसमोर तीच नाचाच्या लयीत उधळलीये. कान सांगतो एकच घर आहे, पण माझी स्क्रिप्ट काही केल्या मानायला तयार नाही. बरं, नसेल जुळत तर सोडून दे, पण तीच स्क्रिप्ट स्टेपचं नातं डीडीएडी नावाच्या ट्यूनिंगमधल्या दिसेल त्या ट्यूनशी लावत होती! ७०-८० टक्के मॅच. दोन आठवडे मी कोडमध्ये चूक शोधत बसले आणि चूक तिथे नव्हतीच.

चूक होती रेकॉर्डिंग ऐकून आपोआप नोटेशन लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. डीडीएडी म्हणजे जी ची तार खालच्या डी वर, ई ची पण डी वर, आपल्या भाषेत सा सा प सा. बो (गज) एका वेळी दोन तारांवर फिरतो, त्यामुळे सा तानपुऱ्यासारखा सतत वाजत राहतो आणि ते येडं सॉफ्टवेअर प्रत्येक बीटला सा लिहून मोकळं. मग काय, सगळेच सगळ्यांचे भाऊबंद. (पैसे भरून घेतलं होतं हो. ऑडॅसिटी या फुकटच्या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये स्पीड निम्मा करून ऐकणं शंभर पटीने बरं.)

शेवटी हातानेच बसले. तो सतत वाजणारा सा (ड्रोन) सोडून नुसती चाल, तीही एबीसीत म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या नोटेशनमध्ये नाही तर सरगममध्ये, म्हणजे कोण जी मध्ये वाजवतो कोण ए मध्ये ही कटकटच संपली. १९२४ ची जॉर्जियाच्या ए. ए. ग्रेंची रेकॉर्ड, मग स्टेप, मग बाकीचे. एकेका ट्यूनला तीन-तीन तास गेले. मग स्टेपची लय निम्मी धरली आणि खालची ओळ मार्चवाल्यांच्या ओळीखाली ठेवली तर न्यास त्याच जागी, नुसतं मधे भरलेलं जास्त. विलंबितमधली बंदिश कुणीतरी द्रुतला नेल्यासारखं. अमेरिकन संगीतकार कोपलंडने १९४२ च्या 'रोडिओ' या बॅलेत स्टेपचं जे घेतलं ते रूथ क्रॉफर्ड सीगर या संगीतकार बाईने केलेल्या नोटेशनवरून, आणि तिने ते रेकॉर्ड ऐकून ऐकून कानानेच उतरवलं होतं. हे माहीत असून मी सॉफ्टवेअरच्या मागे, कमाल आहे माझी.

'बोनापार्ट क्रॉसिंग द ऱ्हाईन' मात्र शीटमधून वेगळी काढली. आडनाव एक म्हणून भावकी होत नाही, चाल पूर्ण वेगळी आहे. 'क्रॉसिंग द रॉकी माउंटन्स' पण आहे, आता नेपोलियन रॉकीजमध्ये कधी गेला ते तोच जाणे. आणि उलटं बघा, 'हॉप हाय लेडीज' आणि 'अंकल जो' नावाने परके पण दोघे स्कॉटलंडच्या 'मिस मॅक्लाउड्स रील'चे वंशज, त्या ओळी सरगममध्ये पहिल्या फटक्यात जुळल्या. तेवढ्यावर एक चहा झाला.

वाजवण्याची बाजू: आपलं व्हायोलिन सा प सा प लावलेलं असतं म्हणजे त्यांचं एईएई आयतंच मिळतं, पण डीडीएडीसाठी खालची तार एवढी ढिली होते की नुसती फडफडते. त्यात पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकल्यात. ऑनलाइन मागवलेली जाड तार दुसऱ्याच दिवशी उसवली, दुकानदार फोन उचलत नाही. आता जुनं व्हायोलिन कायमचं सा सा प सा लावून ठेवणार.

पुढच्या वेळी 'सॅली अॅन' आणि 'सेल अवे लेडीज' घेणार होते, पण हे टाइप करताकरताच डोक्यात आलं की स्क्रिप्ट अजून पहिल्या दोन मापांवरून (बारवरून) जुळवते आणि अपर साउथच्या, म्हणजे केंटकीच्या बाजूच्या कितीतरी ट्यून्स वरच्या भागापासून, फाइन पार्टपासून सुरू होतात. म्हणजे अंतरा आधी, स्थायी नंतर! मी एकाची स्थायी दुसऱ्याच्या अंतऱ्याला लावून बघत असणार. मग आधीच्या अपडेटमध्ये 'नातं नाही' म्हणून फुली मारलेल्या ३४ जोड्या परत उघडाव्या लागणार. सॅली अॅन थांबेल. शीटमध्ये दोन नवे कॉलम टाकलेत, एक ट्यूनिंगचा आणि एक कुठला भाग आधी त्याचा, आणि आज रात्री फुल्यांपासून सुरुवात.