आईची पेटी आणि माझी साक्ष

चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभं राहिलं की माझा घसा कोरडा पडतो, म्हणून मी गातो. गेल्या पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी वाढत होतं, आई सीरियस, मी आयसीयूबाहेर बाकड्यावर, आणि प्रार्थनेला शब्दच सुचेनात, मग तिनंच पेटीवर शिकवलेलं एक भजन गुणगुणत बसलो. तिची पेटी लई जुनी, काळी पाचची पट्टी चिकटते, बोट उचललं तरी सूर वाजतच राहतो, तसंच काहीतरी आत वाजत होतं बघा.

शेजारच्या मावशी म्हणाल्या, "कुणाचा अभंग रं हा?" म्हटलं, मावशी, येशूचं भजन हाय. "मग मोठ्यानं म्हण की लेकरा."

कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला आणि पुढं ख्रिस्ताला अभंग-ओवीत गायलं, म्हणून तर ते भजन मावशींना परकं वाटलं नाही. गिटार-कीबोर्डवरचं वर्शिप मीपण गातो, आवडतं, पण डोळ्यात पाणी येतं ते पेटी-टाळावरच.

आई घरी आली. आता रविवारी ती पेटी धरते, मी गातो, आणि काळी पाच अजून चिकटतेय.