बामणोलीच्या मुक्कामात चूल पेटवताना

साताऱ्याहून कासचं पठार ओलांडून खाली उतरलं की बामणोली आणि समोर शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय. वासोटा किल्ल्याकडे जाणारी बोट इथून मिळते, वनखात्याची परवानगीही इथेच. मुक्काम आणि स्वयंपाक मात्र अलीकडच्या काठावर, जागामालकाला विचारून. पलीकडे अभयारण्य आहे, तिथे जाळ करायचाच नाही.

हिवाळ्यात रात्री जलाशयावरून धुकं येतं आणि उघड्यावरचं सरपण पहाटेपर्यंत सर्द होतं. चूल धुमसत राहते, मग कुणीतरी बाटली काढतं. रॉकेल, पेट्रोल, सॅनिटायझर, काहीही ओतू नका. पेट्रोलची वाफ निखाऱ्यावरून पेट घेते आणि भडका थेट हातातल्या बाटलीपर्यंत येतो. सॅनिटायझरची ज्योत उन्हात दिसत नाही. विझली समजून माणूस पुन्हा ओततो.

त्यापेक्षा घरूनच मेण-भुशाच्या वड्या न्या. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये लाकडाचा कोरडा भुसा सैलसर भरायचा, वर वितळलेलं मेण. मेणाचा डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायचा, थेट आचेवर नाही. प्लास्टिकचा किंवा थर्माकोलचा ट्रे चालत नाही. एका वेळेला एक वडी पुरते, ती साधारण १० मिनिटं जळते.

आधी चुलीतली जुनी राख काढा, नाहीतर खालून हवा मिळत नाही. वडी मधोमध, तिच्यावर पेन्सिलीएवढ्या तुराट्या आडव्या-उभ्या, फटी ठेवून. वडीची कड पेटवा आणि पहिली दोन मिनिटं फुंकणीला हात लावू नका. तुराट्या धरल्या की अंगठ्याएवढी लाकडं, मग गोवरीचे तुकडे, शेवटी फोडलेलं जाड लाकूड. कराडकडून येणाऱ्यांना गुऱ्हाळावरचं वाळलेलं चिपाड मिळालं तर जरूर आणावं. झटकन पेटतं, पण तितक्याच लवकर संपतं, म्हणून बारीक काटक्या हाताशी हव्यात.

पांढरा दाट धूर आला तर दुसरी वडी टाकू नका, एखादं लाकूड बाहेर ओढा. टोकाला फेस येऊन चरचरणारं लाकूड ओलं असतं, ते चुलीशेजारी वाळत ठेवा. वारा चुलीच्या पाठीमागून येत असेल तर ज्वाळा तोंडातून बाहेर येतात. चूल तिरपी मांडा, तंबूपासून लांब. नायलॉनचं जॅकेट आणि लोंबती ओढणी काढून ठेवा, पाण्याची भरलेली बादली जवळ असू द्या.

ऊब म्हणून निखाऱ्यांची घमेली तंबूत नेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत कळत नाही. झोपण्याआधी निखाऱ्यांवर पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. तळहाताची मागची बाजू राखेजवळ धरून धग लागली नाही, तरच चूल विझली.